एक कादंबरी, दोन परस्परविरोधी आक्षेप

मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'वर आधी असभ्यतेचा ठपका आला आणि पुढे वंशद्वेषाचा. दोन्ही आक्षेपांचे मूळ ट्वेनच्या उपरोधाच्या पद्धतीत आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकॉर्ड हे गाव लहान, पण अमेरिकेच्या वैचारिक इतिहासात त्याचा लौकिक मोठा. राल्फ वाल्डो इमर्सन आणि हेन्री डेव्हिड थोरो यांचे हे गाव. या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या समितीने मार्च १८८५ मध्ये नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीला आपल्या कपाटांतून बाहेरची वाट दाखवली. पुस्तक असभ्य आहे, त्यातील विनोद हलक्या दर्जाचा आहे आणि सुसंस्कृत वाचकांपेक्षा गलिच्छ वस्त्यांनाच ते अधिक शोभेल, असा समितीचा अभिप्राय होता. लेखकाची प्रतिक्रिया त्याच्या स्वभावाला साजेशी होती. या बंदीमुळे आणखी २५ हजार प्रती नक्की खपतील, असे त्याने आपल्या प्रकाशन संस्थेच्या व्यवस्थापकाला कळवले.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, व्हर्जिनिया राज्यातील एका शाळेच्या अभ्यासक्रमातून हीच कादंबरी काढून टाकण्याची मागणी पुढे आली. या वेळचे कारण अगदी निराळे होते. ही कादंबरी कृष्णवर्णीयांची मानहानी करते आणि वर्गात ती वाचणे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अपमानास्पद ठरते, असा आक्षेप होता. मागणी करणारे गृहस्थ त्याच शाळेच्या प्रशासनात होते आणि शाळेचे नाव होते 'मार्क ट्वेन इंटरमीजिएट स्कूल'.

'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन' हे ते पुस्तक. ते इंग्लंड व कॅनडात डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका पिढीला त्यात समाजाच्या शिष्टाचाराचा अधिक्षेप दिसला, तर दुसऱ्या पिढीला त्याच समाजाच्या वंशद्वेषाचा पुनरुच्चार. एकाच पुस्तकाविषयी असे विरुद्ध ग्रह का व्हावेत, हे समजून घ्यायचे तर ट्वेनचा उपरोध कसा काम करतो हे पाहावे लागते.

दोन वाव पाणी

ट्वेनचे मूळ नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसुरी राज्यातील फ्लोरिडा या खेड्यात झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी स्थायिक झाले. मिसुरीत त्या काळी गुलामगिरी कायदेशीर होती आणि क्लेमेन्स कुटुंबातही गुलाम होते. शाळकरी वयात आपल्या मनात गुलामगिरीविषयी तिटकारा नव्हता, तिच्यात काही गैर आहे असे कोणी सांगितले नाही आणि गावातील धर्मोपदेशक तर ती ईश्वराला मान्य असल्याचे सांगत, असे ट्वेनने पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही कबुली त्याच्या साऱ्या लेखनाची गुरुकिल्ली मानता येईल.

वडिलांच्या मृत्यूनंतर तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. १८५९ मध्ये त्याला मिसिसिपीवरील आगबोटींचा सुकाणूधर म्हणून परवाना मिळाला. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होऊन नदीवरील वाहतूक थांबली. दक्षिणेच्या बाजूच्या एका हौशी तुकडीत जेमतेम दोन आठवडे काढून तो पश्चिमेकडे नेव्हाडात गेला आणि तेथे पत्रकार झाला. 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव त्याने १८६३ मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या 'टेरिटोरियल एंटरप्राइझ' या वृत्तपत्रात प्रथम वापरले. नदीवरच्या खलाशांच्या भाषेत त्याचा अर्थ दोन वाव, म्हणजे १२ फूट पाणी. एवढ्या खोलीत आगबोट सुखरूप जाते.

त्याच्या उपरोधाचे पहिले मोठे लक्ष्य पैसा व राजकारण हे होते. चार्ल्स डडली वॉर्नर यांच्यासह लिहिलेली 'द गिल्डेड एज' ही कादंबरी १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनींचा सट्टा, रेल्वेच्या योजना आणि वॉशिंग्टनमध्ये विकली जाणारी मते हा तिचा विषय. 'गिल्डेड' म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले. यादवी युद्धानंतरच्या त्या कालखंडाला इतिहासकारांनी पुढे हेच नाव दिले.

बोलणाऱ्याला न कळलेला अर्थ

मराठी वाचकाला व्याजस्तुती हा अलंकार शाळेपासून परिचित आहे. वरवर स्तुती आणि आतून निंदा, असे त्याचे स्वरूप. पण तिथे बोलणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची पूर्ण जाणीव असते. ट्वेनने 'हकलबेरी फिन'मध्ये ही जाणीवच काढून घेतली. कथा सांगणारा हक हा गावातील दारुड्याचा मुलगा, वय तेरा-चौदा. तो उपरोध करत नाही, जे पाहतो ते प्रामाणिकपणे सांगतो आणि आपल्या समाजाने जे शिकवले ते खरेच मानतो. त्याच्या सांगण्यातील विसंगती त्याला दिसत नाही, ती वाचकाने ओळखायची असते.

कथानक थोडक्यात असे. मिस वॉटसन या धार्मिक वृत्तीच्या बाईच्या मालकीचा गुलाम जिम, आपल्याला ८०० डॉलरला दक्षिणेकडे न्यू ऑर्लिन्सला विकले जाणार हे कानावर येताच पळ काढतो. मारकुट्या बापाच्या तावडीतून पळालेला हक त्याला नदीतील एका बेटावर भेटतो. दोघे तराफ्यावरून नदीने निघतात. कैरो या गावी उतरून ओहायो नदीने मुक्त राज्यांकडे जायचे असा बेत असतो. पण धुक्यात कैरो मागे पडते आणि तराफा गुलामगिरीच्या प्रदेशात अधिकाधिक खोल जात राहतो.

या प्रवासात काठावरचा समाज एकेका प्रसंगातून समोर येतो. पिढीजात वैर असलेली दोन खानदानी घराणी बंदुका घेऊन चर्चमध्ये बसतात, बंधुप्रेमावरील प्रवचन ऐकतात, घरी जाताना त्याची तारीफ करतात आणि दुसऱ्याच दिवशी एकमेकांची मुले मारतात. हक ते प्रवचन फार कंटाळवाणे होते एवढीच तक्रार करतो. टीकेचा एक शब्दही तो उच्चारत नाही.

याच पद्धतीचा सर्वात जहाल नमुना कादंबरीच्या उत्तरार्धात आहे. उशिरा पोहोचण्याचे कारण म्हणून हक एका शेतकरी कुटुंबातील मायाळू बाईला आगबोटीवरील स्फोटाची थाप मारतो. कोणाला इजा झाली का, असे ती विचारते. नाही, फक्त एक काळा माणूस मेला, असे तो सांगतो. त्यावर ती सुटकेचा निःश्वास टाकते, कारण अशा अपघातांत कधी कधी माणसेही जखमी होतात. ही बाई खलप्रवृत्तीची नाही. ती प्रेमळ, आतिथ्यशील आणि पापभीरू आहे. इतक्या चांगल्या बाईच्या लेखी 'माणूस' या शब्दात काळा माणूस येत नाही, हा या दोन वाक्यांचा भयंकर अर्थ आहे. मात्र लेखक तो कुठेही लिहीत नाही.

विकृत झालेला सदसद्विवेक

कादंबरीचा गाभा हकच्या मनातील संघर्षात आहे. मुक्त राज्य जवळ येत आहे या आनंदात जिम सांगतो की आपण पैसे साठवून बायकोला सोडवू आणि मुलांना मालकाने विकले नाही तर त्यांना पळवून आणू. हे ऐकून हकला धक्का बसतो. ज्या मालकाने आपले काहीच वाकडे केले नाही, त्याची 'मालमत्ता' हा चोरणार! मुले जिमची स्वतःची आहेत, हे हकच्या ध्यानातच येत नाही. जिमला पकडून द्यावे म्हणून तो काठाकडे निघतो. वाटेत पळालेल्या गुलामांना शोधणारे दोन बंदूकधारी भेटतात आणि ऐन वेळी हकचा धीर होत नाही. तराफ्यावर देवीचा रोगी आहे असा त्यांचा समज तो करून देतो. ते घाबरून दूर राहतात आणि दया येऊन प्रत्येकी २० डॉलरचे सोन्याचे नाणे देऊन निघून जातात. हकला मात्र आपण पाप केले असेच वाटत राहते.

पुढे हा संघर्ष टोकाला जातो. जिमला दोन भामटे परस्पर विकून टाकतात. मिस वॉटसनला पत्र लिहून जिमचा ठावठिकाणा कळवावा म्हणजे आपला आत्मा शुद्ध होईल, असे हक ठरवतो. पत्र लिहून होते आणि त्याला खरोखरच हलके वाटते. मग तराफ्यावरचे दिवस आठवतात, स्वतःची पाळी संपल्यावरही आपल्याला न उठवता पहारा देणारा जिम आठवतो. तो पत्र फाडून टाकतो आणि त्यापायी नरकात जायची तयारी ठेवतो.

इथे हक समाजाविरुद्ध बंड करतो, पण आपण बरोबर आहोत असे त्याला क्षणभरही वाटत नाही. आपण पापी आहोत याबद्दल त्याची खात्रीच असते. १८९५ मध्ये, जगभरच्या व्याख्यान दौऱ्याची तयारी करताना, ट्वेनने आपल्या टिपणवहीत या प्रसंगांचा आशय नोंदवला. निरोगी अंतःकरण आणि विकृत सदसद्विवेक यांची टक्कर होते आणि तीत सदसद्विवेकाचा पराभव होतो, असे ते सूत्र. एरवी आपण सदसद्विवेकाला अंतरीचा देव मानतो. ट्वेनच्या मते तोही घडवला जातो. घर, शाळा, चर्च आणि कायदा मिळून त्याला वळण लावतात आणि लहानपणापासून लावलेले ते वळण अन्यायाचेही असू शकते. त्याच्या सामाजिक टीकेतील हा सर्वात मूलगामी विचार होय.

गुलामगिरी संपल्यावर गुलामगिरीची कथा

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून जवळपास २० वर्षे झाली होती. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने ती रद्द केली. मग ट्वेनने हा जुना विषय का उकरून काढला? याचे उत्तर तत्कालीन परिस्थितीत आहे. १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचा पहारा संपला. समान वागणुकीची हमी देणारा १८७५ चा नागरी हक्क कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. स्वतंत्र झालेल्या माणसांना वेठीच्या शेतीत आणि कैद्यांच्या कंत्राटी मजुरीत पुन्हा जखडले जात होते.

कादंबरीचा बहुचर्चित शेवट याच संदर्भात अनेक अभ्यासक वाचतात. जिमला सोडवण्यासाठी हकचा मित्र टॉम सॉयर पुस्तकी साहसांच्या धर्तीवर लांबलचक खटाटोप करतो आणि त्यात जिमचे हाल होतात. अखेरीस कळते की मिस वॉटसनने मृत्युपत्राद्वारे जिमला दोन महिन्यांपूर्वीच मुक्त केले होते आणि टॉमला ते ठाऊक होते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९३५ मध्ये सारे आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून निघाले, असे म्हणताना जिम पकडला जातो तिथेच वाचन थांबवण्याचा सल्ला वाचकाला दिला होता. शेवट फसला, हे त्यांचे मत आजही अनेकांना मान्य आहे. दुसरा पक्ष म्हणतो की मुक्त माणसाला मुक्त करण्याचा खेळ मांडून त्याला कोंडून ठेवणे, हे १८७७ नंतरच्या अमेरिकेचे चित्र आहे. ट्वेनच्या मनात हेच होते असे छातीठोकपणे सांगता येत नसले, तरी हा अर्थ कादंबरीशी विसंगत नाही.

मुंबईतील एक थप्पड

प्रकाशन व्यवसायातील तोटा आणि एका अक्षरजुळणी यंत्रात बुडालेला पैसा यांमुळे १८९४ मध्ये ट्वेनचे दिवाळे निघाले. कर्ज फेडण्यासाठी तो वयाच्या साठीत जगभर व्याख्याने देत फिरला. त्याच दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत आला. मुक्काम वॉटसन हॉटेलात होता. काळा घोडा परिसरातील ही इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली. पुणे आणि बडोदे येथेही त्याची व्याख्याने झाली.

या प्रवासाचे वर्णन असलेल्या 'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७) या पुस्तकात मुंबईच्या हॉटेलातील एक छोटा प्रसंग आहे. खोलीची व्यवस्था लावताना एका धिप्पाड जर्मन माणसाने काम चुकले म्हणून देशी नोकराच्या जबड्यावर ठोसा मारला. नोकराने तो निमूट सोसला. ट्वेन लिहितो की त्या क्षणी तो ५० वर्षे मागे आपल्या बालपणात पोहोचला. त्याचे वडील दयाळू होते. स्वतःच्या मुलावर त्यांनी फार तर दोनदा हात उगारला असेल, पण घरच्या गुलाम मुलाला ते क्षुल्लक चुकीसाठी मारत. दहाव्या वर्षी त्याने एका माणसाला आपल्या गुलामावर लोखंडी दगड भिरकावताना पाहिले होते. तो गुलाम तासाभरात मरण पावला. मालकाला तसा हक्क आहे, हे त्या मुलाला ठाऊक होते. तरीही झाले ते वाईट, असेही त्याला वाटत होते.

'हक्क आहे' आणि 'वाईट वाटते' यांच्यामधील ही फट म्हणजेच हकचा संघर्ष. कादंबरीतला तो संघर्ष कल्पनेतून आलेला नव्हता, हे मुंबईतल्या थपडेने लेखकालाच पुन्हा जाणवून दिले.

राष्ट्रभक्तीची चिकित्सा

अखेरच्या दशकात ट्वेनचा उपरोध अधिक कडवट झाला. स्पेनशी झालेल्या तहानुसार अमेरिकेने दोन कोटी डॉलर देऊन फिलिपाइन्स ताब्यात घेतले आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तेथील जनतेशी १८९९ पासून युद्ध सुरू केले. ऑक्टोबर १९०० मध्ये मायदेशी परतलेल्या ट्वेनने आपण साम्राज्यविरोधी असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी तो साम्राज्यविरोधी संघाचा उपाध्यक्ष झाला आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिला. फेब्रुवारी १९०१ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'त आलेल्या त्याच्या लेखात सुधारणेच्या प्रसाराची भाषा एखाद्या व्यापाऱ्याच्या जमाखर्चासारखी मांडलेली आहे.

१९०५ मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोतील अत्याचारांवर त्याने पुस्तिका लिहिली. तंत्र तेच होते. पुस्तिकेत स्वतः राजाच बोलतो, आपल्यावर किती अन्याय होतो आहे याचे रडगाणे गातो. कोडॅक कॅमेरा हा आपल्याला विकत घेता न आलेला एकमेव साक्षीदार, ही त्याची मोठी तक्रार आहे. विजयासाठी प्रार्थना करणाऱ्या भाविकांना तिचा न उच्चारलेला अर्धा भाग, म्हणजे शत्रूच्या लेकराबाळांचा संहार, ऐकवणारी 'द वॉर प्रेयर' ही कथा त्याच वर्षी एका मासिकाने नाकारली. ती छापली गेली १९२३ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी.

दुसरा आक्षेप फेटाळता येत नाही

काँकॉर्डच्या समितीला आज कोणी गांभीर्याने घेत नाही. १९८२ च्या आक्षेपाचे तसे नाही. कृष्णवर्णीयांसाठीचा एक अत्यंत अपमानकारक शब्द या कादंबरीत २०० हून अधिक वेळा येतो. तो त्या काळच्या बोलीचा भाग होता, तो वगळला तर समाजाचे चित्र खोटे ठरते, हे खरे. पण गोऱ्या मुलांनी भरलेल्या वर्गात तो शब्द मोठ्याने वाचला जात असताना एकट्या बसलेल्या कृष्णवर्णीय मुलाला उपरोधाची व्याख्या पुरेशी पडत नाही, हेही तितकेच खरे. २०११ मध्ये अलाबामातील एका प्रकाशन संस्थेने त्या शब्दाच्या जागी 'गुलाम' हा शब्द घालून आवृत्ती काढली. अधिक मुलांपर्यंत पुस्तक पोहोचावे हा हेतू होता, तर यामुळे इतिहासच धुऊन काढला जातो अशी टीका झाली.

ट्वेनच्या मर्यादाही दृष्टिआड करता येत नाहीत. अमेरिकेतील मूलनिवासींचे त्याने केलेले चित्रण तुच्छतेने भरलेले आहे. भारतातील ब्रिटिश राजवटीची त्याने बरीच प्रशंसा केली. कादंबरीच्या अखेरच्या भागात जिमला विदूषकाची अवकळा येते, हा आरोपही निराधार नाही. दुसऱ्या बाजूला, १८८५ मध्ये येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या वॉर्नर मॅकग्विन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या निर्वाहाचा खर्च ट्वेनने उचलला. गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाची ही भरपाई गोऱ्यांनीच करायला हवी, अशी त्याची भूमिका होती. यासंबंधीचे पत्र १९८५ मध्ये उजेडात आले. पुढे वकील झालेल्या मॅकग्विन यांनी बाल्टिमोरमध्ये थरगुड मार्शल या तरुण वकिलाला मार्गदर्शन केले. मार्शल हे नंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

या साऱ्या वादाला अलीकडे मिळालेले सर्वात समर्थ उत्तर बंदीचे नाही आणि बचावाचेही नाही. कृष्णवर्णीय कादंबरीकार पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४ मध्ये 'जेम्स' ही कादंबरी लिहिली. नदी तीच, तराफा तोच, मात्र कथा सांगतो जिम. गोऱ्यांसमोर अडाणी बोली बोलणारा हा माणूस आपसांत शुद्ध भाषा बोलतो, वाचतो आणि लिहितो. या कादंबरीला २०२४ चा नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

ट्वेनने हकच्या तोंडी कथा दिली तेव्हा वाचकाने निवेदकावर आंधळा विश्वास ठेवू नये, अशी त्याची अपेक्षा होती. काँकॉर्डच्या समितीने हकचे खोटे बोलणे पाहिले, पण ज्या सज्जनांत तो वाढला त्यांचे खरे बोलणे तपासले नाही. एव्हरेट यांनी तीच अपेक्षा एक पाऊल पुढे नेली आणि तराफ्यावरच्या दुसऱ्या माणसाला काय वाटत होते, हे विचारले. 'हकलबेरी फिन'मध्ये हा प्रश्न विचारायला जागा आहे, म्हणूनच एकशे चाळीस वर्षांनंतरही त्या पुस्तकाशी भांडण चालू आहे.